उत्तरेची भिंत

मार्गशीर्षात वॉर्ड कचेरीच्या दारावर तीन कागद लागले. पहिल्यावर लिहिलं होतं की गावपालिकेच्या परवानगीशिवाय कुणी पायासुद्धा खणायचा नाही. दुसऱ्यावर दगड-मातीच्या घराचे नियम होते: भिंतीच्या दर दोन फूट उंचीला आणि चार फूट लांबीला एक आरपार दगड, खिडकीच्या खाली आणि वर लाकडी पट्टा, आणि प्रत्येक आरपार दगडाच्या दोन्ही तोंडांवर लाल रंगाचा ठिपका. ओव्हरसियर ठिपके मोजणार, मगच घर पास. तिसरा कागद नकाशाचा होता. ओढ्याच्या वरच्या उतारावर, जिथे दर पावसाळ्यात जमीन थोडी थोडी सरकत होती, तिथे लाल पट्टा ओढला होता; बांधायला चालेल ती जमीन हिरवी होती. पट्ट्यात सतरा खोपटं होती. पुढच्या कार्तिकाच्या आत ती सतराही रिकामी करायची होती.

देउमाया सारूचं खोपट त्यात होतं. भूकंपाने घर पाडलं, त्याला तीन वर्षं होत आली होती. तेव्हापासून ती, तिचा मुलगा टेकबहादूर, म्हणजे टेके, आणि आता त्याची दुसरी बायको तुलसा, तिघं पत्र्याखाली राहत होती. टेकेने नकाशा दोनदा वाचून दाखवला.

"मग आपली कुठली जमीन हिरव्यात आहे?" तिने विचारलं.

"एकच तुकडा."

"कुठला?"

टेकेने नकाशावर बोट ठेवलं. तिला कळलं. जुनं घर पडलं होतं तो तुकडा. तिथे तीन वर्षांत तिने बकरीसुद्धा बांधली नव्हती.

दुसऱ्या सकाळी ती चढण चढून रणसुर आलेकडे गेली. रणसुर गावाचा गवंडी आणि तिचा व्याही. त्याची मुलगी मनसरा टेकेची पहिली बायको. भूकंप झाला तो शनिवार, भर दुपार. सगळं गाव मक्याच्या शेतात होतं. मनसराच्या अंगात ताप होता, ती आत निजली होती. गावात त्या दिवशी मेली ती एकटीच.

रणसुर अंगणात चिव्याचा बांबू सोलत बसला होता. बायको गेल्यापासून तो एकटाच राहायचा. देउमाया उंबऱ्याशी बसली आणि कामाचं बोलली.

"तालीम घेतलेले तीन गवंडी आहेत खालच्या गावात," तो म्हणाला. "तरणे आहेत. लवकर उरकतील."

"मला तुम्हीच पाहिजे, सम्धी."

"माझं वय झालं."

"वय माझंही झालं. मी मागतेय काय, नाचायला?"

त्याने चिव्याची कांबट खाली ठेवली. "तिथेच?"

"नकाशात तिथेच हिरवं आहे."

रणसुरने हो म्हटलं. नाही म्हणायला त्याच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

नव्या नियमाप्रमाणे आधी गवंड्यालाही नोंद करावी लागत होती. सात दिवसांची तालीम झाली, मग वॉर्ड कचेरीत कारकुनाने फॉर्म काढला. रणसुर आत शिरताना दाराशी थांबला आणि बोटाच्या सांध्याने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या. भूकंपानंतर लागलेली ही खोड. कुणाच्याही घरात शिरण्याआधी तो भिंत वाजवून बघायचा.

"आला वैद्य, भिंतीची नाडी बघायला," कारकून म्हणाला. म्हाताऱ्याला सगळे बाजे, आजोबा म्हणत. "काय बाजे, जगेल ना आमची कचेरी?"

"पूर्वेचा कोपरा बघून घ्या."

"बरं. आता सांगा, आजवर बांधलेली घरं किती? नावासकट सांगायची."

रणसुर सांगत गेला आणि कारकून लिहीत गेला. पाटीवरच्या आले कुटुंबाचं घर, शिरानघरच्या राना कुटुंबाचं, शाळेच्या दोन खोल्या, दोन भावांची जोडघरं. चाळीस झाली.

"आणखी?"

"एवढीच."

कारकुनाने खाली रेघ मारली. रणसुरने अंगठा दिला.

माघात पाया खणला. खालच्या सपाट मुलुखातून नवी आलेली ओव्हरसियर पुनीता मंडल एकदा येऊन पाया बघून गेली. चोविशीची मुलगी होती. उतरणीला बसून बसून उतरायची. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून बघायच्या, हसायच्या, आणि मग कुणीतरी हात द्यायची. मात्र फीत लावून मोजायला लागली की ती कुणाचं ऐकायची नाही. पाया दोन बोटं उथळ निघाला, तर तिने तेवढा परत खणायला लावला.

"दोन बोटांनी काय होतं, नानी?" टेके म्हणाला. गावात पोरीबाळींना नानी म्हणत.

"मला माहीत नाही काय होतं," ती म्हणाली. "खणा."

रणसुर कुदळ घेऊन स्वतः खड्ड्यात उतरला.

दगड जुन्याच घराचे होते. माती पण जुनीच. पडलेल्या भिंतींची माती तीन पावसाळे भिजून ढिगाऱ्यात पडली होती. तीच चाळायची, पाणी घालायचं आणि पायाने तुडवायची. हे काम तुलसाचं होतं. तिसऱ्या दिवशी तुडवताना तिच्या तळव्याला काहीतरी टोचलं. तिने वाकून काढलं. लाल काचेचा मणी होता, बायका गळ्यात घालतात त्या पोतेतला. संध्याकाळपर्यंत सहा सापडले. तिने ते ओंजळीत धरून सासूला दाखवले.

देउमायाने एक मणी बोटाने उलटून पाहिला. "टाक परत मातीत," ती म्हणाली.

तुलसाने टाकले. नंतर सापडलेले तिने कुणाला दाखवले नाहीत. पायाखाली आला की अंगठ्याने खोल दाबायची आणि पुढे तुडवायची. रणसुर भिंतीवरून बघत होता. थापीवर आलेल्या मातीत लाल ठिणगी दिसली की त्याचा हात थांबायचा. मग तो माती लावायचा आणि वर दगड बसवायचा.

आरपार दगड हातभर लांब लागतो. भिंतीला बाहेरून एक थर आणि आतून एक थर असतो, मध्ये चिपा आणि माती. हातभर दगड दोन्ही थरांना एकमेकांशी पकडून ठेवतो. तो नसेल तर भिंत एक दिसते, पण असतात दोन. जुन्या ढिगाऱ्यात असे दगड फारसे निघाले नाहीत. ते खालच्या ओढ्यातून आणावे लागत. कपाळाला पट्टा, पाठीला बांबूची टोपली, डोको, आणि तासाभराची चढण. हे टेके करत होता.

दक्षिण, पूर्व आणि पश्चिम भिंती चैत्रापर्यंत छातीएवढ्या झाल्या. उत्तरेची भिंत रणसुरने शेवटी घेतली, आणि एकट्याने.

"बा, आणखी किती आणू?" टेकेने एका दुपारी विचारलं. त्याच्या कपाळावर पट्ट्याचा वळ लाल झाला होता. "बाकी तिन्ही भिंतींना मिळून एवढे लागले नाहीत. घर आहे का किल्ला?"

"आण."

"उत्तरेला ना दार ना खिडकी. साधी कोरी भिंत."

"म्हणून तर," रणसुर म्हणाला.

टेके पुन्हा उतरला. देउमाया सावलीत बसून चिपा फोडत होती. तिने मान वर केली नाही.

बारा वर्षांपूर्वी रणसुरने याच जागी सारूंचं जुनं घर उभं केलं होतं. तेव्हा हे परक्याचं घर होतं. पौषाचे शेवटचे दिवस होते, ढग उतरले होते, आणि खालच्या गावात दुसरं काम त्याची वाट बघत होतं. उत्तरेची भिंत कमरेएवढी झाली तेव्हा हातभर दगड संपले. ओढ्यावर जायला अर्धा दिवस गेला असता. त्याने आतला थर घातला, बाहेरचा घातला, मध्ये चिपा भरल्या आणि वर चढत गेला. ओळंबा सोडला, भिंत सरळ होती. दोरीला लागून एक रेघ होती. त्याच्या हातून इतक्या देखण्या भिंती थोड्याच झाल्या असतील.

पुढल्या फाल्गुनात याच घरातून मनसराला मागणी आली. बायको कचरत होती, मुलगी लांब जाते म्हणत होती. रणसुर म्हणाला होता, "त्या घराचा दगड न् दगड मला माहीत आहे. तिथे द्यायला कसली भीती."

भूकंपाच्या दुपारी तो धावत पोचला तेव्हा बाकीच्या तीन भिंती गळ्याएवढ्या उभ्या होत्या. उत्तरेची मधून उलगडली होती, जसं शेंगेचं फोलपट दोन बाजूंना उघडतं. बाहेरचा थर बाहेर पडला होता आणि आतला आत. त्याने एकदा पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. लोक म्हणाले, धरणी हलली, माणूस काय करणार. त्याने मान हलवली. तेव्हापासून त्याच्या बोटांचे सांधे भिंती वाजवत होते. ज्या भिंतीत दगड असतो ती ठक म्हणते. नसतो ती थोडी उशिरा बोलते.

ज्येष्ठात भिंती पुऱ्या झाल्या. रणसुरने प्रत्येक आरपार दगडाच्या दोन्ही तोंडांवर ठिपके दिले. वर पत्रा चढला. त्याच आठवड्यात खालच्या वळणावर दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. पुनीताने फोनवर सांगितलं, "भिंती उघड्याच ठेवा. पाऊस संपला की येते. ठिपके बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

टेकेने हे आईला सांगितलं. आई हो म्हणाली.

आश्विनात रस्ता उघडला. लाल पट्ट्यातली बारा खोपटं तोवर रिकामी झाली होती. ओव्हरसियरला गाठायला रणसुर तालुक्याच्या ठिकाणी गेला. तिच्याकडे सहा वॉर्ड होते. दोन दिवस बाकावर बसल्यावर तिसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर निघाली.

वाटेतल्या शेवटच्या वळणावरून घर दिसलं. खालून कमरेएवढं गेरूच्या मातीने लाल, वर पांढऱ्या मातीने शुभ्र. दारावर झेंडूची माळ. रणसुर जागीच थांबला.

"काय झालं?" पुनीताने विचारलं. मग तिलाही दिसलं.

दशैंची, म्हणजे दसऱ्याच्या सणाची, घटस्थापना दोन दिवसांवर होती. उघड्या भिंतीच्या घरात घट बसवत नाहीत. कपाळावर टीका, दह्या-तांदळाचा टिळा, लावून घ्यायला पाहुणे येतात, त्यांनी घराच्या बरगड्या बघायच्या नसतात. सासू-सुनेने डोंगरातून माती आणून दोन दिवसांत चारही भिंती आतून-बाहेरून लिंपल्या होत्या. तुलसाचे हात कोपरापर्यंत अजून पांढरे होते. ती पाणी घेऊन हसत पुढे आली आणि दोघांचे चेहरे बघून थांबली.

"ठिपके कुठे आहेत?" पुनीता म्हणाली.

"ठिपके आतच आहेत," देउमाया म्हणाली. "कुठे जातील? दगडावर आहेत."

"मला दिसत नाहीत."

"सणाला घर नागडं ठेवायचं का, नानी? तुमच्याकडे ठेवतात?"

"आमच्याकडे पण लिंपतात," पुनीता म्हणाली. तिने पिशवी खाली ठेवली नाही. "मला दिसत नाही ते मी लिहू शकत नाही, आमा. सगळा लेप उतरवा, आतून आणि बाहेरून. मी परत येईन."

"कधी?"

"मार्गशीर्षात."

टेके म्हणाला, "कार्तिकात खोपट मोडायला येणार. वॉर्डाने कागद दिलाय. पास नसलेल्या घरात राहायला लागलो तर वीज नाही, वर दंड. मग राहायचं कुठे?"

"आईला सांगितलं होतं का उघडं ठेवायला?" पुनीताने त्याला विचारलं.

टेकेने आईकडे पाहिलं. देउमाया म्हणाली, "सांगितलं होतं. भिंत उभी आहे, ती काय ठिपक्यांनी उभी आहे?"

तुलसा हळूच म्हणाली, "माती मी लावली. चूक माझी."

रणसुर पुढे झाला. त्याने टेकेच्या हातातली थापी घेतली. "मी दाखवतो, मॅडम. दगड कुठे आहेत ते."

"आठवून?"

"हो."

"पस्तीस-चाळीस दगड असतील. चार महिने झाले."

"चुकलो तर लेप उतरवू."

पुनीताने घड्याळ बघितलं, मग वही काढली.

त्याने पूर्वेपासून सुरुवात केली. लिंपलेल्या भिंतीवर तळहात ठेवायचा, सांध्याने एक टिचकी मारायची, थापीने वितीएवढी माती खरवडायची आणि ओल्या फडक्याने पुसायचं. खाली लाल ठिपका. मग आत जाऊन तीच जागा, तिथेही ठिपका. थापीने थोडा रंग निघायचा, पण ओळखू यायचा. पूर्वेला नऊ, पश्चिमेला नऊ, दक्षिणेला सात. एकही चुकला नाही. टेके फडकं पिळून देत होता. तुलसाचा जीव थोडा भांड्यात पडला. ती चहा ठेवायला गेली.

उत्तरेला सोळा फूट कोरी भिंत. नियमाने बारा. रणसुरने बारा दाखवले आणि थापी पुसली.

"झालं?" पुनीता म्हणाली.

"नियमाचे झाले."

"एक जागा मी निवडते. मध्ये नुसत्या चिपा आहेत की भरण नीट आहे, ते बघायचंय." तिने दोन ठिपक्यांच्या मधली एक जागा दाखवली. "इथे खरवडा."

रणसुर हलला नाही. "तिथेही आहे," तो म्हणाला.

टेकेने खरवडलं. लाल ठिपका निघाला.

"मग इथे."

"तिथेही."

ती खाली वाकली. "इथे?"

"हो."

पुनीता उभी राहिली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाजे, कुठे नाहीये ते सांगा."

टेके हसला. "बघा, म्हणूनच माझी मान मोडली. मी म्हटलं ना, किल्ला बांधतोय." त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही, तसं त्याचंही हसू गेलं.

"एकतीस आहेत," रणसुर म्हणाला.

"बाराच्या जागी एकतीस. का?"

अंगणात चहाच्या पातेल्याखाली लाकूड तडकलं. रणसुरने हातातली थापी खाली ठेवली. ती जमिनीवर नीट बसेना, म्हणून परत उचलून भिंतीला टेकवली.

"मागच्या वेळी इथे एकही नव्हता," तो म्हणाला.

"मागच्या वेळी म्हणजे?"

"पडलं ते घर. तेही मीच बांधलं. इथे दगड कमी पडले. ओढ्यावर जायला पाहिजे होतं. गेलो नाही." तो थांबला. "कचेरीत माझ्या फॉर्मवर चाळीस घरं आहेत. एकेचाळीस लिहा."

टेके फडकं धरून उभा होता. त्यातून पांढरं पाणी त्याच्या पायावर गळत होतं. मग त्याने फडकं बादलीत टाकलं आणि बांधाच्या कडेला जाऊन पाठ करून उभा राहिला.

पुनीताने वहीत काही लिहिलं, खोडलं. "फॉर्ममध्ये गावाचं नाव आहे, वर्ष आहे," ती म्हणाली. "कारणाचा रकाना नाही." वही मिटून ती म्हणाली, "घर पास आहे." तिने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, शिक्का मारला आणि कागद देउमायाच्या हातात दिला. चहा न घेताच ती निघाली. टेकेने बांधावरून येऊन तिची पिशवी उचलली आणि तिला उतरणीवरून खाली सोडायला गेला. जाताना त्याने सासऱ्याकडे पाहिलं नाही.

देउमायाने कागदाची घडी घालून कमरेला खोचली. मग उत्तरेच्या भिंतीजवळ, आतल्या बाजूला, खाली बसली.

"ढिगारा मीच उपसला होता," ती म्हणाली. "टेके तेव्हा मलेशियाला. गावातला प्रत्येक जण स्वतःचं उपसत होता. आठ दिवस. आतले दगड एकीकडे टाकले, बाहेरचे एकीकडे. दोन्ही ढिगांत हातभर दगड एक नव्हता." तिने मान वर केली. "बाकीच्या भिंतींत होते, सम्धी. मला काय दगड कळत नाही? जन्म वाहण्यात गेला."

रणसुर तिच्यासमोर खाली बसला. "तीन वर्षं बोलला नाहीत."

"बोलून काय? तिला मीच म्हटलं होतं, उन्हात येऊ नकोस, आत नीज."

"मग मला कशाला बोलावलंत? तिघे गवंडी होते खाली."

"दुसऱ्याने बारा घातले असते."

तुलसा चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने ते तिथेच उंबऱ्यावर ठेवले. "आमा, माती कालवू का? संध्याकाळपर्यंत बुजवून होईल सगळं."

"तिन्ही भिंती बुजव. ही राहू दे."

"दशमीला सगळं गाव येणार. विचारतील, हे काय."

"विचारू देत." देउमाया रणसुरकडे वळली. "तुम्ही या त्या दिवशी. टीका लावायची तर लावू, नाही तर नाही. पण विचारतील तेव्हा तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही, टेके सांगणार नाही."

रणसुरने मान हलवली. मग कोपऱ्यातला रंगाचा डबा आणला आणि उरलेल्या जागा खरवडायला बसला. सगळे एकतीस उघडे झाले. आता त्याने भिंत वाजवली नाही. थापीने ज्यांचा रंग निघाला होता त्यांवर तो एकेक करून ठिपका देत गेला. उंचावरचे आधी, मग मधले, मग खालचे. भिंत देवी उठलेल्या अंगासारखी दिसायला लागली.

शेवटचा ठिपका जमिनीपासून हातभर वर होता, जिथे जुन्या घरात मनसराच्या खाटेची उशी यायची. तिथल्या मातीत दगडाला लागून एक लाल मणी अर्धा बाहेर आला होता. रणसुरचा ब्रश त्याच्यापाशी येऊन अडला. रंग भिंतीवर ओघळला.

देउमाया गुडघ्यावर सरकत आली. तिने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला, ओघळ पदराने टिपला, आणि मण्याला रंग न लागेल अशा बेताने दगडावर ठिपका दिला.